फाटकाच्या आत राहिलेली विक्रांत

जानेवारी २०१४ मध्ये 'आयएनएस विक्रांत' ही निवृत्त विमानवाहू युद्धनौका ऑनलाइन लिलावात ६० कोटी रुपयांना गेली. घेणारी कंपनी जहाजं तोडण्याच्या धंद्यातली. विक्रांतचं वजन ढोबळमानाने १६,००० टन धरा आणि भागाकार करा, किलोला ३७-३८ रुपये पडतात. त्याच्या दोन-तीन महिने आधी मुंबईच्या बाजारात कांदा याहून महाग होता.

तो आकडा ऐकून तेव्हा पुष्कळ लोक संतापले. मीही त्यातलाच. आता इतक्या वर्षांनी सगळं प्रकरण पुन्हा क्रमाने मांडून बघितलं तर वाटतं, आपण चुकीच्या तारखेवर रागावलो. २०१४ मध्ये फक्त पावती फाडली गेली. जहाज हातचं गेलं ते त्याच्या बरंच आधी, आणि जाण्याचं मोठं कारण म्हणजे ते उभं होतं ती जागा.

आधी जहाजाची ओळख, थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने घाईघाईने हलक्या विमानवाहू नौका बांधायला काढल्या, त्यातली ही एक. टाइन नदीवरच्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत १९४३ मध्ये तिचं काम सुरू झालं, सप्टेंबर १९४५ मध्ये ती 'हर्क्युलिस' या नावाने पाण्यात उतरली, पण तोवर युद्धच संपलं होतं. काम थांबलं. अर्धवट सांगाडा दहा वर्षं पडून राहिला आणि जानेवारी १९५७ मध्ये भारताने तो विकत घेतला. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत ती पुरी झाली. ४ मार्च १९६१ रोजी तिथेच विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली. म्हणजे ब्रिटिश नौदलात ती एक दिवसही नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मुंबईला आली तेव्हा स्वागताला नेहरू स्वतः बॅलार्ड पिअरवर होते.

१९७१ ची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण 'ऐतिहासिक युद्धनौका' हे शब्द आपण सैलपणे वापरतो. युद्धाच्या तोंडावर विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले होते. बॉयलर कमी म्हणजे वाफ कमी, वाफ कमी म्हणजे वेग कमी. विमानवाहू नौकेत हा हिशेब जिवावरचा असतो. विमान उडवायला समोरून वारा लागतो, आणि वारा नसेल तर जहाजाने स्वतः धावून तो निर्माण करायचा असतो. अशा जहाजाला लढाईत उतरवावं की नाही यावर वरच्या पातळीवर बराच खल झाला आणि अखेर तिला पूर्वेकडे पाठवलं. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी तिच्या मागावर विशाखापट्टणमपर्यंत आली आणि ३-४ डिसेंबरच्या रात्री तिथेच बुडाली. विक्रांत तेव्हा अंदमानकडे होती. ४ डिसेंबरपासून तिच्या डेकवरून सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्सबझार, चितगाव आणि बंगालच्या उपसागरावरची इतर बंदरं झोडपायला सुरुवात केली. पूर्व पाकिस्तानातल्या फौजेची समुद्रावरची वाट बंद करण्यात या लंगड्या जहाजाचा वाटा फार मोठा. कॅप्टन स्वराज प्रकाश यांना आणि सी हॉक तुकडीचे लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं.

पुढे काळाप्रमाणे तिच्यात बदल झाले, सी हॅरिअर विमानांसाठी नाकाशी चढण बसवली गेली. नोव्हेंबर १९९४ मध्ये ती शेवटची समुद्रावर गेली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवेतून निवृत्त झाली.

खरं प्रकरण इथून पुढे सुरू होतं.

संग्रहालय होतं, पण कसलं

विक्रांतचं संग्रहालय करायचं हे निवृत्तीच्या वेळीच ठरलेलं होतं. नौदलाची इच्छा होती, राज्य सरकारची होती, विरोधी पक्षांचीही होती. मुंबईत सगळ्यांचं एकमत असलेला असा दुसरा प्रकल्प शोधून सापडायचा नाही. २००१ मध्ये नौदलाने स्वतःच्या जोरावर ती लोकांना खुलीही केली.

पण ती उभी होती नौदल गोदीत. लायन गेटच्या आत, पहाऱ्याच्या आत. त्यामुळे ती बघायची म्हणजे नौदल सप्ताहाची किंवा तशाच ठरावीक दिवसांची वाट बघायची. असाच एका डिसेंबरात मी वडिलांबरोबर गेलो होतो. फाटकाबाहेर रांग फोर्टच्या फुटपाथवर लांबपर्यंत. आत गेल्यावर आधी तिचं अंग दिसतं, राखाडी रंगाची उभी भिंत, इतकी मोठी की हे जहाज आहे हे पटायला मान मागे टाकावी लागते. हँगरमध्ये विमानं मांडलेली, तेलाचा आणि ताज्या रंगाचा वास. अरुंद लोखंडी शिडीवरून वर गेलं की एकदम उजेड, आणि पायाखाली २१३ मीटर लांबीचा तापलेला डेक. माझ्या आठवणीत सर्वात ठळक आहे ती रेलिंगजवळची रंगाची जाडी. एकावर एक इतके थर की काठ गोल झाले होते. नखाने टोकरलं तर रंगाची पापडी निघाली आणि खाली तांबूस भुगा. वडील म्हणाले, "रंग धरून ठेवतोय हिला." तेव्हा मी हसलो होतो.

पुढे या विषयावर वाचलं तेव्हा ते वाक्य फारसं चुकीचं नव्हतं असं लक्षात आलं. चालत्या जहाजाला ठरावीक काळाने सुक्या गोदीत घेतात, तळ खरवडतात, पातळ झालेले पत्रे बदलतात, नवा रंग देतात, गंज आधी आपल्यावर ओढून घेणारे जस्ताचे ठोकळे बसवतात. उभ्या जहाजाला हे सगळं लागतंच, उलट जास्त लागतं. पण त्यासाठी पैसे कोण देणार आणि सुकी गोदी कोण मोकळी करणार? मुंबई बंदरात गरम खारं पाणी, रोज दोन भरत्या, दोन ओहोट्या, तळाला कालवं आणि शेवाळ. पाण्याच्या रेषेवरचा पत्रा आलटून पालटून भिजतो आणि वाळतो, तिथे गंज सर्वांत जोमाने चढतो. पाहुण्यांना दिसतो तो डेक आणि हँगर. जहाज मरतं ते खालून.

आता नौदलाच्या बाजूने विचार करा. गोदीतला धक्का म्हणजे सोनं. चालत्या नौका रांगेत थांबलेल्या, आणि दोनशे मीटरहून लांब जागा एका निवृत्त जहाजाने अडवलेली. त्यावर देखभालीचा खर्चही नौदलाचा. संग्रहालय चालवणं हे नौदलाचं कामच नव्हे. तरीही त्यांनी ते अकरा वर्षं केलं, हे मान्य करायलाच हवं.

राज्य सरकारच्या बाजूने पाहिलं तर जहाज केंद्राचं, गोदी नौदलाची, बंदराचं पाणी पोर्ट ट्रस्टचं. राज्याच्या हातात काय, तर घोषणा. घोषणा झाल्याही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर घरं चार होती.

ऑयस्टर रॉक आणि ५०० कोटी

गोदीबाहेर जागा शोधायचे प्रयत्न झाले. कुलाब्यासमोर बंदरात ऑयस्टर रॉक नावाचं लहानसं खडकाळ बेट आहे. तिथे विक्रांतला कायमची बसवायची, तळ पक्का करायचा, मग पाणी तिला खाणार नाही, अशी कल्पना होती. कल्पना वेडगळ नव्हती. जपानमध्ये योकोसुकाला 'मिकासा' ही १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईतली युद्धनौका अशीच तळाभोवती काँक्रीट घालून किनाऱ्यावर बसवलेली आहे, आणि ती आजही बघता येते.

ऑयस्टर रॉकची अडचण अशी की तिथे बोटीने जावं लागणार. प्रकल्पाचा खर्च ५०० कोटींच्या घरात सांगितला जात होता आणि तो 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' पद्धतीने खासगी गुंतवणूकदाराने करावा अशी सरकारची अपेक्षा होती. कोणी पुढे आलं नाही म्हणून तेव्हा उद्योगपतींच्या देशभक्तीवर बरंच बोललं गेलं. मी कागदावर साधा हिशेब केला. ५०० कोटींवर नुसतं दहा टक्के व्याज धरलं तरी वर्षाला ५० कोटी. तिकीट ३०० रुपये ठेवलं तर एवढ्या व्याजासाठीच वर्षाला साडेसोळा लाखांवर माणसं यायला हवीत, म्हणजे दिवसाला साडेचार हजार. पगार, रंग, वीज, बोटी हे सगळं वेगळं. आणि जूनपासून गणपती होईपर्यंत बंदरातली प्रवासी वाहतूक जवळजवळ थंड असते. हा आकडा बघून कोणी हात वर केला नाही तर त्याला मी दोष देणार नाही. हा धंदा नव्हताच. याला सार्वजनिक पैसा लागणार होता, आणि सरकारने तो द्यायचा की नाही हे कधी स्पष्ट सांगितलं नाही.

दरम्यान एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. विक्रांतच्याच पिढीची, ब्रिटनमध्ये बांधलेली आणि ब्राझीलच्या नौदलात गेलेली 'मिनास जेराइस' २००४ मध्ये अलंगला तोडायला आली. त्यानंतर युद्धकाळातल्या त्या ब्रिटिश हलक्या विमानवाहू नौकांपैकी विक्रांत एकटीच उरली. ही बाब केवळ भारताच्या नव्हे, जगाच्या नौकाइतिहासाची झाली होती. ब्रिटनमध्ये कोणाकडे त्यासाठी मदत मागितली असती तर? आमची विक्रांत म्हणजे आमची, ही भावना इथे आड आली असावी असा माझा संशय आहे.

शेवटचे महिने

२०१२ मध्ये लोकांसाठी धोकादायक ठरवून संग्रहालय बंद केलं गेलं. इथे पहिली घंटा वाजायला हवी होती. वाजली ती ऑगस्ट २०१३ मध्ये. नौदलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल शेखर सिन्हा यांनी विक्रांत भंगारात काढली जाणार असल्याचं सांगितलं: सांभाळणं अवघड झालंय, संग्रहालयासाठी पैसे घालायला कोणी तयार नाही.

तो महिनाच विचित्र होता. १२ ऑगस्टला कोचीमध्ये नवी विक्रांत पाण्यात उतरली. दोनच दिवसांत, १४ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर, मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट होऊन १८ नौसैनिक गेले आणि पाणबुडी धक्क्यापाशीच बुडाली. या घटनेचा विक्रांतच्या निर्णयाशी संबंध होता असा माझा दावा नाही. पण आपल्या धक्क्याला एखादं जहाज बुडणं म्हणजे काय हे नौदलाने डोळ्यांदेखत पाहिलं होतं, आणि विक्रांतचा तळ किती दिवस तग धरेल याची चिंता त्यांना आधीपासूनच होती. अशा वेळी 'भावना समजून घ्या' हे सांगणं सोपं नसतं.

मग मात्र आरडाओरड झाली. निवृत्त नौसैनिक, शाळकरी मुलं, इतिहासाचे शिक्षक, राजकीय पक्ष सगळे उतरले. 'सेव्ह विक्रांत' म्हणून स्टेशनांबाहेर देणगीचे डबेही फिरले. त्या पैशांचं काय झालं यावरून २०२२ मध्ये पोलीस फिर्याद झाली आणि विषय पक्षापक्षांतल्या भांडणात गेला, तो वाद इथे नको. मला एवढंच दिसतं की डबे फिरवणाऱ्या कोणाजवळही जागेचा नकाशा नव्हता. पैसे जमले असते तरी जहाज नेऊन ठेवायचं कुठे, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

केंद्राने डिसेंबर २०१३ मध्ये लिलाव ठरवला. मुंबईतल्या एका सामाजिक कार्यकर्त्याने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. राज्य सरकारने तिथे सांगितलं की जहाजाचं जतन आर्थिकदृष्ट्या परवडणारं नाही. ज्यांनी सतरा वर्षं 'करू, करू' म्हटलं त्यांनी कोर्टात 'परवडत नाही' म्हटल्यावर न्यायाधीशांपुढे उरतं काय? जानेवारी २०१४ मध्ये याचिका फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात 'जैसे थे' ठेवायला सांगितलं तेव्हा पुन्हा आशा वाटली. त्याच महिन्याच्या शेवटी जहाज गोदीतून दारूखान्याकडे, मुंबईतल्या जहाजं तोडण्याच्या जागेकडे, हलवलं गेलं. ऑगस्टमध्ये तीही याचिका गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये गॅस कटर लागले.

निवृत्तीनंतर ती फाटकाबाहेर आली, सामान्य मुंबईकराला कोणत्याही पासशिवाय दिसू लागली, ती या प्रवासात. रे रोडच्या बाजूने दारूखान्यात गेलं की ती चिखलात टेकलेली दिसायची. भरतीच्या पाण्यावर जहाज जमेल तितकं आत ओढायचं, ओहोटीला ते गाळात बसतं, मग कापायचं. हलकं झालं की पुढच्या मोठ्या भरतीला अजून आत. वरचे मजले आधी जातात, मग डेक, मग पोट उघडं पडतं. आपण ज्या हँगरमध्ये बोट धरून फिरलो त्याचा उभा छेद रस्त्यावरून दिसणं हे काही बरं दृश्य नव्हतं.

दुसरीकडे कसं जमलं

विशाखापट्टणमला 'कुरसुरा' ही पाणबुडी फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि ऑगस्ट २००२ मध्ये रामकृष्ण बीचवर लोक तिकीट काढून तिच्यात शिरू लागले. दीड वर्ष. ९१ मीटर लांबीचं ते धूड पाण्यातून ओढून वाळूवर आणलं आणि काँक्रीटच्या पायावर बसवलं. हो, विक्रांतच्या मानाने ती फार लहान. तरी दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. काम एकाच संस्थेच्या गळ्यात होतं, तिथल्या नगरविकास प्राधिकरणाच्या. आणि जागा होती लोक संध्याकाळी भेळ खायला जातात त्या चौपाटीवर.

'लहान जहाजाचं ठीक आहे' असं म्हणणाऱ्यांसाठी सॅन दिएगोची 'मिडवे'. ती विक्रांतहून कितीतरी मोठी. १९९२ मध्ये निवृत्त झाली, २००४ मध्ये संग्रहालय झालं. म्हणजे त्यांनाही बारा वर्षं लागली. फरक असा की त्या काळात ती निगराणीत, दमटपणा काढून बंद करून ठेवलेली होती, आणि संग्रहालय झालं ते शहराच्या मध्यावर, चालत जाता येईल अशा धक्क्याला. वर्षाला दहा लाखांहून जास्त लोक तिकडे जातात. वाचलेली जहाजं स्वस्त पडतात असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. 'टेक्सास' ही पहिल्या महायुद्धाच्या आधीची युद्धनौका गळू लागली तेव्हा त्या राज्याने साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले आणि २०२२ मध्ये तिला सुक्या गोदीत नेलं. वाचवणं दर काही दशकांनी नव्याने करावं लागतं.

विमानांचं सोपं असतं. विक्रांतवरून उडणारी सी हॉक आणि अलिझे ही विमानं आज गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात बघायला मिळतात. विमान अंगणात ठेवता येतं.

आणि विराट

या प्रकरणातून काही शिकलो की नाही हे बघायला फार थांबावं लागलं नाही. 'विराट' ही दुसरी विमानवाहू नौका मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचं प्रमुखपद हिनेच सांभाळलं होतं, 'हर्मीस' या नावाने. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ८५२ कोटींची योजना मंजूर केली: सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ विराट बसवायची, संग्रहालय आणि सागरी पर्यटन केंद्र करायचं. निवतीचा समुद्र ज्यांनी बघितलाय त्यांना कल्पना आवडली होती. पण तिथे रोज हजारो माणसं न्यायची कशी, हा ऑयस्टर रॉकचाच प्रश्न, फक्त मुंबईपासून पाचशे किलोमीटर लांब. पैसा पुन्हा खासगी क्षेत्राकडून यायचा होता. आला नाही.

जुलै २०१९ मध्ये सरकारने संसदेत ती भंगारात जाणार असल्याचं सांगितलं. २०२० मध्ये अलंगच्या कंपनीने ३८.५४ कोटींना घेतली आणि सप्टेंबरमध्ये ती मुंबईहून अलंगच्या किनाऱ्याला लागली. त्यानंतर मुंबईची एक कंपनी पुढे आली, गोव्याजवळ संग्रहालय करू म्हणाली. संरक्षण खात्याने ना-हरकत दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तोडकाम थांबवलं, पण एप्रिलमध्ये, जहाज सुमारे ४० टक्के तुटलेलं आहे हे पाहून, याचिका निकाली काढली. म्हणजे खरेदीदार सापडला, तोही जहाज वाळूवर चढल्यावर. निवतीच्या खडकांजवळ आता 'गुलदार' ही निवृत्त नौका पाण्याखाली बसवून पर्यटन करायची योजना आहे.

विक्रांतचं लोखंड पुढे कुठे कुठे गेलं. बजाजने त्यातलं काही घेऊन २०१६ मध्ये 'व्ही' ही मोटारसायकल काढली, आणि माझ्या ओळखीचे एक निवृत्त पेटी ऑफिसर तिच्या टाकीवर हात फिरवून बघायला शोरूममध्ये गेले होते. काही पत्रे शिल्पकार अरझान खंबाटा यांच्याकडे गेले. त्यातून घडवलेलं स्मारक जानेवारी २०१६ मध्ये लायन गेटजवळ रस्त्यावर बसवलं. बसच्या खिडकीतूनही ते दिसतं. ते फाटकाच्या बाहेर आहे.